पांढरी ब्रीचेस खोगिरावर बसून निवडावी

प्रश्न : मी पुण्यात एका बँकेत अधिकारी आहे. वय ३७. तीन वर्षांपूर्वी घोडेस्वारी शिकू लागले आणि येत्या डिसेंबरात मुंबईला पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणार आहे. सकाळी ड्रेसाजची (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून दाखवण्याची) प्राथमिक चाचणी आहे आणि दुपारी कमी उंचीच्या अडथळ्यांची जंपिंगची फेरी. शिक्षकांनी पांढरी ब्रीचेस (घोडेस्वारीची अंगालगत बसणारी विजार) आणायला सांगितले आहे. आजवर मी काळी आणि गडद निळी याच वापरल्या. पांढऱ्याचे नाव काढले की पोटात गोळा येतो. आतले दिसेल, डाग पडतील, नेमकी त्याच दिवशी पाळी आली तर? पांढरा रंग सक्तीचाच असतो का? फुल सीट, नी पॅच, सिलिकॉन यांतले काय घ्यावे? एका जोडीत दोन्ही प्रकार भागतील का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातली भीती एकट्या आपली नाही. आमच्या पागेत शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीने आणि बाईने हेच प्रश्न मला विचारले आहेत, फक्त बहुतेकींनी ते स्पर्धेच्या आदल्या रात्री विचारले. आपण तीन महिने आधी विचारलेत, त्यामुळे निम्मे काम झालेच आहे असे समजा.

आधी नियमाचे पाहू. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमांनुसार ड्रेसाजमध्ये ब्रीचेस पांढरी किंवा पांढरट असावी लागते, तर जंपिंगमध्ये पांढरी किंवा फिकट बदामी चालते. इव्हेंटिंग या एकत्रित स्पर्धेतल्या क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातल्या दौडीच्या टप्प्यात रंगाची सक्ती नसते. हे नियम वरच्या पातळीच्या स्पर्धांसाठी आहेत. क्लबच्या किंवा नवशिक्यांच्या स्पर्धांत आयोजक आपापल्या पत्रकात पोशाख ठरवतात आणि पुष्कळदा तो जरा सैल ठेवतात. म्हणून खरेदीआधी पत्रकातला पोशाखाचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचावा. त्यात ‘पांढरी किंवा फिकट’ असे असेल, तर माझा कौल निःसंशय दुधाळ पांढऱ्याकडे आहे. दुकानातल्या दिव्याखाली झगझगणारा निळसर पांढरा रंग मैदानावरच्या उन्हात डोळ्यांवर येतो, दुसऱ्याच धुण्यात पिवळट वाटू लागतो आणि त्यावर घोड्याच्या केसाएवढाही डाग लांबून दिसतो. सायीसारखा किंचित पिवळसर पांढरा रंग ड्रेसाजमध्येही नियमात बसतो आणि जंपिंगमध्येही.

हा रंग आला कुठून, हे एकदा लक्षात आले की त्याच्याशी जुळवून घेणे सोपे जाते. युरोपातल्या घोडदळांचे अधिकारी कातड्याची फिकट विजार घालत आणि ती खडूसारख्या पांढऱ्या मातीने घासून उजळवत. अश्वारोहणाचा खेळ याच घोडदळांतून पुढे आला, म्हणून पोशाखही त्यांचाच राहिला. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये स्त्रियांना १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेपर्यंत प्रवेशच नव्हता. त्या वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी, पोलिओने पाय अधू झालेले असताना, पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवले. थोडक्यात, ज्यांनी पांढरा रंग ठरवला त्यांच्यापुढे आपल्या पत्रातला पाळीचा प्रश्न कधी आलाच नव्हता. टेनिसमध्ये विंबल्डनने २०२३ पासून महिला खेळाडूंना पांढऱ्या पोशाखाखाली गडद रंगाची तुमान घालण्याची मुभा दिली, ती याच कारणासाठी. तेव्हा आपल्याला संकोच वाटतो यात आपला दोष नाही, तो नियमाच्या जन्मकुंडलीतला दोष आहे.

दुकानात आपल्याला ‘जोधपूर’ आणि ‘ब्रीचेस’ अशी दोन नावे ऐकू येतील आणि काही दुकानदार ती एकाच कपड्यासाठी वापरतील. जोधपूर घोट्यापर्यंत येते आणि आखूड बुटांवर घालतात. चुडीदाराच्या धर्तीची ही विजार जोधपूरच्या सर प्रतापसिंहांमुळे १८९७ च्या सुमारास इंग्लंडात पोचली. ब्रीचेस पोटरीवरच संपते, कारण तिच्यावर गुडघ्यापर्यंतचे उंच बूट चढवायचे असतात. आपण उंच बूट घालणार असाल तर ब्रीचेसच घ्या. बुटाच्या आत घोट्यापाशी कापडाची चुणी राहिली, तर जंपिंगच्या फेरीपर्यंत तिथे फोड आलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. काळी ब्रीचेस आरशासमोर उभे राहून घेतली तरी चालते, पांढरी चालत नाही. मी हे अनुभवाने शिकले. माझ्या पहिल्या स्पर्धेसाठी मी लष्कर भागातल्या एका शिंप्याकडून पांढऱ्या जाड ड्रिलची ब्रीचेस शिवून घेतली होती. उभी असताना ती इतकी व्यवस्थित दिसत होती की मी तिच्यातच घरभर मिरवले. स्पर्धेच्या सकाळी रिकिबीत पाय घालून घोड्यावर बसले मात्र, मांडीवरचे आणि मागचे कापड ताणले गेले आणि आतल्या कपड्याची निळी किनार रेघ आखल्यासारखी वर उमटली. माझी मैत्रीण स्टोल घेऊन धावत आली. स्टोल कमरेला गुंडाळून चाचणी देता येत नाही, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. त्या चाचणीत मी मैदानाच्या कडेची, चाल कुठे बदलायची ते दाखवणारी सगळी अक्षरे बरोबर गाठली, पण सारे लक्ष पाठीमागे होते आणि गुणपत्रिकेवर तसे स्पष्ट लिहून आले : स्वार ताठरलेली.

म्हणून कापडाची परीक्षा ताणून करावी. ब्रीचेसच्या पायात हात घालून तळवा पसरा, दुसऱ्या हाताने कापड बोटांवर ताणा आणि दुकानाबाहेर उन्हात जाऊन पाहा. बोटांमधल्या फटी दिसल्या तर ती ठेवून द्या, मग तिच्यावर कोणाचेही नाव असो. त्यानंतर तीच जागा पाण्याच्या थेंबाने ओली करून पाहता आली तर उत्तमच. मुंबईत डिसेंबरातही दुपारी घाम येतो आणि घामाने ओले झालेले पांढरे कापड कोरड्या कापडाहून बरेच जास्त दाखवते. दुकानदार पाणी लावू देणार नाही, हे उघड आहे. पण परत घेण्याची सोय असलेल्या ठिकाणाहून मागवले असेल तर घरी ओलसर रुमाल टेकवून पाहायला हरकत नाही. आणि एक जागा सगळेच विसरतात, ती म्हणजे खिसे. खिशाच्या आतली पिशवी वेगळ्या कापडाची असेल तर ती नितंबांवर किंवा जांघेवर चौकोनी ठिगळासारखी दिसते. खिसा हवाच असेल तर त्याचे अस्तर जाळीचे आणि फिकट असावे. माझ्या मते स्पर्धेच्या ब्रीचेसला खिसा नसलेलाच बरा.

कापड सुती मिश्रणाचे घ्यावे की कृत्रिम धाग्याचे, याबद्दल पागेत दोन तट असतात. सुती मिश्रण जाड आणि थंड असते, पण तासाभरात गुडघ्यावर पोक धरते आणि घाम पिऊन जड होते. नायलॉन आणि इलॅस्टेनचे चारी बाजूंनी ताणणारे कापड आकार सोडत नाही व लवकर वाळते. मात्र त्यातले हलके, चकचकीत, पोहण्याच्या पोशाखासारखे वाटणारे प्रकार टाळावेत, कारण चकाकी प्रत्येक घडी दुप्पट करून दाखवते. हाताला वजनदार लागणारे, अजिबात न चमकणारे कृत्रिम कापड मी आपल्याला सुचवीन.

आतल्या कपड्यांविषयी. पांढऱ्याखाली पांढरे घालावे, हा समज चुकीचा आहे; पांढऱ्याखाली पांढऱ्याची कड ठळक दिसते, कारण तिच्या शेजारी त्वचा गडद असते. त्वचेच्याच रंगाचे, शिवण नसलेले, मांडीच्या मध्यापर्यंत येणारे घालावे. पण दुकानात ‘स्किन’ म्हणून जे मिळते ते पुष्कळदा गोऱ्यापान युरोपीय कातडीचे असते. आपला रंग गव्हाळ किंवा सावळा असेल तर बदामी, तपकिरी छटा शोधाव्यात. वर खोचायच्या शर्टाचा खालचा काठही असाच उमटतो, म्हणून तो मधेच संपणार नाही असा लांब, पातळ आणि अंगालगत बसणारा शर्ट असावा. आत थरावर थर चढवून खोगीरभरती मात्र करू नका. तीन थरांखाली स्वाराला घोड्याची पाठ कळत नाही.

पाळीच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देते, कारण त्यावर कुजबुजत बोलण्यात अर्थ नाही. आपण एरवी जे वापरता आणि ज्याची आपल्याला सवय आहे, तेच त्या दिवशी वापरावे. कप किंवा टॅम्पॉन पहिल्यांदा वापरून पाहण्याचा दिवस स्पर्धेचा नव्हे. पॅड वापरत असाल तर पंखांचा घ्या आणि त्यावर पाळीसाठीची शोषक तुमान घाला, कारण दुडकी चालीत खाली-वर होताना पॅड मागे सरकतो. हे सगळे सरावाच्या एखाद्या दिवशी, काळ्या ब्रीचेसमध्ये, पूर्ण पाऊण तास करून पाहावे. स्पर्धेच्या कोटाचा मागचा घोळ चालताना आपल्याला झाकतो, पण घोड्यावर तो दोन बाजूंना फाकतो. त्याच्यावर विसंबू नये. याउपर मन मानत नसेल तर आयोजकांना दोन आठवडे आधी लेखी विचारावे की गडद ब्रीचेस चालेल का. नवशिक्यांच्या वर्गात हो म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्ष मैदानावर ऐनवेळी विचारले तर मात्र पंचांनाही नियमाबाहेर जाता येत नाही.

आता फुल सीट की नी पॅच. फुल सीट म्हणजे बैठकीपासून गुडघ्यापर्यंत घर्षण देणारा जोड, आणि नी पॅच म्हणजे तो फक्त गुडघ्याच्या आतल्या बाजूला. ड्रेसाजचे स्वार बहुधा फुल सीट पसंत करतात, कारण त्यांना खोगिरावर बसूनच राहायचे असते. जंपिंगचे स्वार नी पॅच घेतात, कारण अडथळ्यावर त्यांना खोगिरातून सहज उठता आणि परतता आले पाहिजे. आपल्याला एका जोडीत दोन्ही हवे आहे. इथे एक बारकावा विक्रेते सांगत नाहीत. सिलिकॉनची फुल सीट म्हणजे त्याच कापडावर केलेली ठिपक्यांची छपाई. तिने पकड येते, कापडाचा थर वाढत नाही. कृत्रिम सुएडची (लवदार चामड्यासारख्या कापडाची) फुल सीट हा वेगळा शिवलेला तुकडा असतो, म्हणजे ज्या जागेची आपल्याला सर्वाधिक धास्ती आहे नेमक्या त्या जागी बहुधा दुहेरी कापड येते. दुसरे असे की दाट सिलिकॉन नवख्या स्वाराला जिथे बसला तिथेच चिकटवून ठेवते, आणि मांड चुकीच्या जागी असेल तर तिथेच. मांड पक्की करायची ती सरावाने, गोंदाने नव्हे. म्हणून आपल्यासाठी माझी निवड स्पष्ट आहे : कृत्रिम सुएडची फुल सीट, बेताच्या पकडीची. लहान अडथळ्यांवर ती आड येत नाही, मी स्वतः तिच्यातच उड्या मारत आले आहे.

जोड ब्रीचेसच्याच रंगाचा आहे की करडा, हेही पाहावे. पांढऱ्या ब्रीचेसवरचा करडा जोड दिसायला विचित्र, पण खोगिराच्या तेलाचे डाग लपवायला फार चांगला. तरीही ड्रेसाजसाठी एकरंगी घ्यावी. गडद घोड्याच्या गडद खोगिरावर फिकट पाय उठून दिसतो आणि पंचांना स्वाराच्या पायाची प्रत्येक चुळबुळ लांबून वाचता येते. हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३ मध्ये भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले, त्या संघातल्या सुदीप्ती हजेला आणि दिव्याकृती सिंग यांची छायाचित्रे जरूर पाहा. नजर कापडावर जात नाही, ती जाते स्थिर पायाकडे.

मापाबाबत थोडक्यात. युरोपीय माप, ब्रिटिश माप आणि आपले इंचांतले माप ही तीन निराळी प्रकरणे आहेत. कमर आणि नितंब फितीने मोजून त्या त्या विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडावीत, जुन्या जोडीवरच्या आकड्याशी नव्हे. एक माप मोठे घेतले की कमी दिसेल, अशी समजूत असते. खरे तर सैल कापड गुडघ्यामागे गोळा होते आणि घासते. अगदी घट्ट घेतले तर वीण ताणून पातळ होते आणि पुन्हा मूळ भीतीपाशी येऊन पोचतो. घरातल्या लाकडी खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून, दोन्ही बाजूंना पाय सोडून बसा आणि पुढे झुका. मागे कमरेपाशी फट पडली तर ती कंबर आपल्यासाठी नाही. उंच कमरेची जोडी घ्यावी. मग घरातल्या कोणाला तरी, जे खरे बोलेल अशा माणसाला, मागून आणि बाजूने छायाचित्र काढायला सांगा, तेही फ्लॅश लावून. पोटरीवर वेल्क्रोची पट्टी असलेला प्रकार टाळून मोज्यासारखे ताणणारे टोक असलेला घ्यावा, म्हणजे बुटाखाली उंचवटा राहत नाही.

पैशांचे म्हणाल तर पहिली जोडी परदेशी आणि महागडी घेण्याची गरज मला वाटत नाही. खोगीर आणि चामड्याच्या सामानासाठी कानपूर जुने केंद्र आहे आणि तिथले कारखानदार बाहेरच्या देशांतही माल पाठवतात. मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांतही चांगल्या जोड्या मिळतात. जे पैसे वाचतील त्यांत आतले योग्य कपडे आणि एक साधी, स्वस्त, नी पॅचची पांढरी जोडी राखीव म्हणून घ्यावी. ड्रेसाजनंतर आणि जंपिंगआधी घोडा आपल्या मांडीवर नाक पुसणारच.

ते नाक फार महत्त्वाचे आहे. लसूणघास खाल्लेल्या घोड्याची हिरवी लाळ पांढऱ्या कापडावर पडली की लगेच थंड पाण्याने टिपावी. गरम पाण्याने किंवा घासून ती आणखी आत जाते. खोगिराला तेल लावायचे ते आठवडाभर आधी, आणि आदल्या दिवशी त्यावरून कोरडे पांढरे फडके फिरवून पाहावे; फडक्यावर तपकिरी उमटले तर तेच उद्या आपल्या मांडीवर उमटणार आहे. बुटाचे पॉलिश पोटरीच्या आतल्या बाजूला बेतानेच लावावे. धुताना ब्रीचेस उलटी करून थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी. क्लोरीनचे ब्लीच इलॅस्टेनला पिवळे पाडते आणि कपडे मऊ करणारे द्रावण त्याची ताण घेण्याची शक्ती घालवते. नीळ देण्याचा मोह आपल्याकडे सगळ्यांना होतो. तो आवरावा, कारण कापड आणि सुएड नीळ सारखी धरत नाहीत आणि आपली बैठक आकाशी दिसू लागते, हे मी पाहिले आहे. वाळवायची सावलीत, आणि ठेवायची मलमलच्या फडक्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून राहिली की ती पिवळी पडते.

नवी जोडी स्पर्धेआधी निदान दोनदा घालून रपेट करावी. पहिल्यांदा संकोच होईल म्हणून पागेत गर्दी नसेल तेव्हा, दुसऱ्यांदा मुद्दाम सगळ्यांसमोर, कोट आणि उंच बूट घालून. दुसऱ्या वेळी अर्ध्या तासाने आपण कपड्याचा विचार करणे थांबवलेले आपल्याच लक्षात येईल. थांबवले नसेल, तर ती जोडी चुकली आहे आणि बदलायला अजून वेळ आहे.

स्पर्धेच्या सकाळी पांढरी ब्रीचेस घालून खरारा करू नका, नमदा (खोगिराखालची घडी) टाकू नका, मोतद्दाराला हवे तर दोन शब्द जास्त बोला, पण घोड्यापासून हातभर लांब राहून. वरून काहीतरी घालायचे असतेच. नेहमीची ट्रॅक पँट उंच बुटांवरून निघत नाही आणि ती ओढून काढताना एका पायावर नाचणारे स्वार मी दर वर्षी पाहते. बाजूने वरपासून खालपर्यंत साखळी (झिप) असलेली मिळाली तर घ्या. नाहीतर घरातला कोणाचाही रुंद पायांचा नाडीचा लेंगा आणा. तो बुटांसकट पाय आत घेतो आणि नाडी सोडून बुटांवरून सहज उतरवता येतो. फक्त घोड्याला त्या फडफडणाऱ्या पांढऱ्या वस्तूची ओळख घरीच करून दिलेली असावी. आपल्या आधीच्या स्वाराची चाचणी सुरू झाली, की मगच तो काढून मैत्रिणीच्या हातात द्या.